शंभर दाणे

कल्याण-शीळ रस्ता सोडून आत वळलं की सत्तावीस गावांपैकी एक गाव लागतं. गावाच्या तीन बाजूंना टॉवर उठले आहेत, चौथ्या बाजूला अजून भात होतं. त्या भातातला एक तुकडा एका आगरी म्हातारीचा. बिल्डरची माणसं दर दिवाळीला मिठाई घेऊन यायची. म्हातारी मिठाई ठेवून घ्यायची, जमिनीचं नाव काढू द्यायची नाही.

तिचं माहेर वाड्याचं. लग्न होऊन आली तेव्हा तिनं तिथून झिनीचं बियाणं आणलं होतं. बाजारात आता त्याला वाडा कोलम म्हणतात आणि जास्त भाव देतात. म्हातारीनं ते दर वर्षी पेरलं, दर वर्षी झोडलं आणि त्यातलं निवडक पुन्हा पुढच्या पेरणीला राखलं. माहेरचं माणूस कुणी उरलं नव्हतं, वाण तेवढं उरलं होतं.

एका वर्षी मुलानं घर नव्यानं बांधलं. शेणानं लिंपलेली जुनी कणगी मोडली. बियाणं लोखंडी पिंपात भरून माळ्यावर चढवलं, आणि माळ्यावर छप्पर पत्र्याचं. वैशाखात त्या माळ्यावर उभं राहवत नव्हतं. पेरणी तोंडावर आली तेव्हा कुठं मुलाला घोर लागला. पिंप खाली उतरवून तो आईला म्हणाला, “आये, ह्यो बी पेरायचा का कृषी केंद्रातून पिशवी आनू?”

बी मेलेलं असलं आणि पेरलं, तर वर्ष हातचं जातं. बी जिवंत असलं आणि टाकून दिलं, तर माहेर जातं. म्हातारी काहीच बोलली नाही.

रविवारची संध्याकाळ होती आणि ओटीवर नेहमीचे दोन पाहुणे बसले होते. एक वैद्यबुवा. कल्याणात पारनाक्याजवळ त्यांचा दवाखाना, म्हातारीच्या गुडघ्याला तेल तेच देत. दुसरे नाना. डोंबिवली एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात रसायनं सांभाळत केस पांढरे केलेले. म्हातारीचा मुलगा तिथं त्यांच्याच हाताखाली लागला होता. दोघे कल्याणच्या शाळेत एका बाकावर बसलेले, त्यामुळे अरे-तुरेतले. म्हातारीच्या हातची तांदळाची भाकरी दोघांना प्रिय. बुवांना सोबत वालाचं बिरडं, नानांना सुकटीचं कालवण. आणि दोघांचा वादही वर्षानुवर्षं एकच: जीव म्हणजे काय?

बुवांचं म्हणणं, शरीर हे नुसतं घर, त्यात राहणारा प्राण वेगळा. नानांचं म्हणणं, घरात कुणी राहत नाही, भिंती आणि पाइप यांनाच आपण जीव म्हणतो.

तेव्हा पिंप समोर आल्यावर दोघांनाही स्फुरण चढलं.

वैद्यबुवांनी वरचा एक दाणा उचलला, दाताखाली धरला, हुंगला आणि खाली टाकला. “उष्णतेनं करपलाय. याच्यातला प्राण गेला.”

“थांब,” नाना म्हणाले. त्यांनी बादली मागवली. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवलं आणि त्यात चार मुठी भात सोडलं. पोचट दाणे वर तरंगतात, भरलेले बुडतात. शेतकी खात्याची माणसं बीजप्रक्रियेत पहिलं हेच सांगतात. पाच-सात दाणे तरंगले, बाकी सगळे तळाला. नाना विजयी मुद्रेनं म्हणाले, “वजन जागच्या जागी आहे. स्टार्च तेच, प्रथिनं तीच. रुजायचं नाही तर जाईल कुठं?”

“मग यातली एक मूठ उकळ,” बुवा म्हणाले. “उकळून, वाळवून परत वजन कर. स्टार्च तेच, प्रथिनं तीच. तोही तुझ्या बादलीत बुडेल. पण रुजेल का?”

“नाही रुजणार. उकळल्यावर प्रथिनांची घडी मोडते. प्राण वगैरे काही उडून जात नाही.”

“घडीच मोडली ना? मग परत घालून दाखव.”

नाना गप्प झाले. मग इतिहासात शिरले. वाद अंगाशी आला की ते इतिहासात शिरत.

“हेच बर्झेलियस म्हणायचा,” ते म्हणाले. “रसायनशास्त्रात त्याच्या शब्दापुढं शब्द नव्हता. त्याचं मत असं, की सजीवांच्या अंगात जे पदार्थ बनतात, ते प्रयोगशाळेत बनायचे नाहीत; तिथं जीवनशक्ती लागते. आणि १८२८ साली त्याच्याच शिष्यानं, व्होलरनं, एक क्षार तापवला आणि युरिया हातात आला. लघवीतला युरिया! मूत्रपिंडाशिवाय! तिथं तुझ्या प्राणाचं पहिलं खोड पडलं.”

“पडलं म्हणे,” बुवा हसले. “व्होलरनं तो क्षार कशापासून केला होता? त्या काळी सायनाइडची सगळी मंडळी जनावरांच्या शिंगांपासून, खुरांपासून, रक्तापासून निघायची. म्हणजे मूळ सामान सजीवाचंच की! आणि ही शंका मी काढत नाही, खुद्द व्होलरनंच गुरूला लिहिलेल्या पत्रात काढली होती. एका परीक्षेनं प्राण मेला असता तर पुढं शंभर वर्षं लोक भांडले असते का?”

“बोसांना विचार मग. १९०१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जगदीशचंद्र बोसांनी दाखवलं, की उत्तेजना दिली की कथील, झाडाचा देठ आणि प्राण्याचा स्नायू सारख्याच रेघा उमटवतात. तिघेही थकतात, तिघेही विषानं मंदावतात. मग सजीव-निर्जीव सीमा उरली कुठं? सगळं भौतिकशास्त्र!”

“अरे, बोस तर माझे!” बुवा उसळले. “झाडालाही संवेदना आहे हे त्यांनीच जगाला सांगितलं.”

“एका मानसाची किती वढातान करताव!” आतून म्हातारीचा आवाज आला. तव्यावरची भाकरी तिनं उलटली.

बुवांनी हुकमाचं पान काढलं. “आमच्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी घे. १८६५ चा जन्म, १८८६ साली फिलाडेल्फियाहून डॉक्टर. तिकडं जाऊन प्रबंध कशावर लिहिला? आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. आपल्या जुन्या ग्रंथांचा आधार घेऊन.”

“आणि त्यांच्या कॉलेजच्या डीन कोण होत्या? रेचल बॉडली, रसायनशास्त्राच्या प्राध्यापक! प्रबंधात अमेरिकन पाठ्यपुस्तकांचे आधारही आहेत, ते सोयीनं गाळू नकोस.”

म्हातारी भाकरीचं ताट घेऊन बाहेर आली. आनंदीबाईंचं नाव तिला ठाऊक होतं; नातीनं शाळेत भाषण केलं होतं. “तिचा पोर धा दिसांत गेला,” ती म्हणाली. “चवदा वर्साची पोर व्हती ती तवा. म्हनून ती शिकाला गेली. तिला तुमचा वाद नको व्हता, विलाज हवा व्हता.”

यावर दोघांनाही उत्तर सुचलं नाही. म्हातारीनं ताट खाली ठेवलं आणि पिंपाकडं बोट केलं. “तुमी कनाला भांडताव? दाना घरात हाय, पानी घरात हाय, फडका हाय. त्यालाच इचारा ना.”

तिनं पिंपात खांद्यापर्यंत हात घातला, वरचं-खालचं असं मूठभर भात काढलं आणि नातीला शंभर दाणे मोजायला लावले. रात्रभर भिजवले, ओल्या फडक्यात बांधले, वर गोणपाट, आणि गाठोडं पेंढ्यात दाबून ठेवलं. तिसऱ्या दिवशी फडकं सोडलं. अठ्ठावन्न दाण्यांना मोड आले होते. बेचाळीस तसेच, फुगलेले आणि मुके.

मुलानं कपाळावर हात मारला. प्रमाणित भात-बियाण्याच्या पिशवीवर उगवण किमान ८० टक्के लिहिलेली असते, हे त्याला माहीत होतं. हे ना धड जिवंत, ना धड मेलेलं.

बातमी कळताच दोघे मित्र मधल्याच वारी हजर झाले. बुवा म्हणाले, “बेचाळिसांचा प्राण गेला, बघ.” नाना म्हणाले, “अठ्ठावन्न यंत्रं चालू आहेत, बघ.” दोघांनीही आपापलं मत तसंच ठेवलं, आकडा तेवढा बदलून घेतला. रविवारी दोघांनी छातीठोक निकाल दिला होता, एकानं सगळं मेलं म्हणून, दुसऱ्यानं सगळं रुजेल म्हणून. दोन्ही निकाल चुकले होते आणि त्याची दोघांच्याही मताला झळ पोचली नव्हती. रुजलेले दाणे आणि न रुजलेले दाणे यांत बादलीला काही फरक दिसला नव्हता, दातालाही नाही.

नात तिथंच बसली होती. ठाण्याला खाडीकाठच्या कॉलेजात ती वनस्पतिशास्त्र शिकत होती, रोज डोंबिवलीहून गाडी पकडायची. ती म्हणाली, “बेचाळीस मेले ते कुठले? पिंपातले वरचे, मधले की तळाचे?”

प्रश्न साधा होता. प्राणावर आणि यंत्रावर इतकं बोलणं झालं, पण तो कुणी विचारला नव्हता.

नातीनं पिंप न ढवळता वरून, मधून आणि तळातून वेगवेगळे दाणे काढले. तीन डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. आजीनं तीन फडकी भिजवली. त्याच डब्यांतले काही दाणे रात्रभर पाण्यात ठेवून नात दुसऱ्या दिवशी कॉलेजला घेऊन निघाली. “तिथं एक रंग आहे,” ती म्हणाली. “मॅडमना विचारलंय. दाणा जिवंत आहे का, ते दुपारपर्यंत कळतं.” रंग म्हटल्यावर नाना निघाले. नाना निघाले म्हटल्यावर बुवा मागं राहणं शक्य नव्हतं.

डोंबिवलीहून स्लो गाडीत तिघांना बसायला जागा मिळाली, आणि जागा मिळाल्यावर वाद सुरू झाला. बुवांनी चरकापासून आरंभ केला: शरीर, इंद्रियं, मन आणि आत्मा यांचा संयोग म्हणजे आयुष्य. नाना म्हणाले, “संयोगच ना? चार्वाकही तेच म्हणत होते, फक्त आत्मा वजा करून. दारूच्या सामानात सुटं सुटं काही मादक नसतं. धान्यात नाही, किण्वात नाही. एकत्र आलं की मद उत्पन्न होतो. तशीच पंचमहाभूतांतली चार एकत्र आली की चेतना येते.”

“आणि ते किण्व काय असतं?” बुवांनी दिवा स्टेशनाच्या आत नानांना गाठलं. “यीस्ट! जिवंत पेशी! चार्वाकांच्या दाखल्यातच जीव लपून बसला होता. पाश्चरनं दाखवलं की साखरेची दारू होते ती जिवंत यीस्टमुळं. लीबिग म्हणत होता, सगळं कुजण्याचं रसायन आहे, यीस्ट जिवंत असण्याशी संबंध नाही. हरला तो.”

“हरला तो १८९७ पर्यंत,” नाना म्हणाले. “त्या साली एडुआर्ड बुखनरनं यीस्ट वाळूत घालून वाटलं, दाबयंत्रात पिळलं आणि रस काढला. एक जिवंत पेशी त्यात उरली नाही. रस टिकावा म्हणून त्यात साखर घातली, आपण मुरंब्यात घालतो तशी. तर रसातून बुडबुडे यायला लागले! साखरेची दारू होत होती, यीस्ट मेलेलं असताना. १९०७ साली नोबेल मिळालं त्याला. म्हणजे लीबिग बरोबर.”

“लीबिग बरोबर कसा? त्या रसातला तो पदार्थ बनवला कुणी? यीस्टनंच ना?”

“मग पाश्चर बरोबर कसा? त्यानंही यीस्टमधून तसा पदार्थ काढायचा प्रयत्न केला होता, निघाला नाही.”

नात खिडकीतून मुंब्र्याचा डोंगर बघत होती. ती म्हणाली, “लीबिग १८७३ ला गेला, पाश्चर १८९५ ला. बुडबुडे बघायला दोघांतलं कुणीच नव्हतं. पण आजोबा, दोघांचं निम्मं-निम्मं चुकलं तरी दोघांच्या मतांनी काम किती दिलं बघा. आंबण्यामागं जीव आहे असं मानल्यामुळं पाश्चर सूक्ष्मजंतूंच्या मागं लागला. तिथून दूध, रेशीमकिडे, रेबीजपर्यंत पोचला. आंबणं हे रसायन आहे असं मानणाऱ्यांनी शोध सोडला नाही म्हणून विकरं सापडली. कोण जिंकलं, हा प्रश्न परीक्षेला पण येत नाही.”

“आणि ड्रीश?” बुवांनी शेवटचा बुरूज लढवला. “विल्हेल्म रूनं १८८८ साली बेडकाच्या गर्भातल्या दोन पेशींतली एक तापल्या सुईनं मारली. उरलेल्या पेशीचा अर्धाच गर्भ झाला. तुझे लोक नाचले, गर्भ म्हणजे यंत्र म्हणून. मग १८९१ मध्ये हान्स ड्रीशनं समुद्री अर्चिनच्या दोन पेशी हलवून सुट्या केल्या. प्रत्येकीची अळी झाली. लहान, पण पुरी! कुठलं यंत्र मधोमध तोडलं तर दोन पुरी यंत्रं होतात, सांग.”

नाना सांगू शकले नाहीत. कळवा स्टेशन आलं.

“प्रयोग फार सुंदर होता,” नात म्हणाली. “पण पुढं काय झालं? ड्रीश म्हणाला, हे घडवणारी एक शक्ती आहे, तिचं नाव एंटेलेकी. नाव दिलं आणि पुढं प्रयोगशाळा सोडून तत्त्वज्ञानाकडं वळला. त्या शक्तीला काय विचारायचं, कुठं शोधायचं, काही सांगितलं नाही त्यानं. काम दुसऱ्यांनी केलं. रूच्या प्रयोगात मेलेली पेशी जिवंतीला चिकटूनच राहिली होती, म्हणून अर्धा गर्भ झाला. ती पूर्ण काढून टाकली तर बेडकाचाही पुरा गर्भ होतो. म्हणजे पेशीला शेजारी कोण आहे हे कळतं. कसं कळतं? हा प्रश्न धरून श्पेमान बसला आणि १९३५ साली नोबेलपर्यंत गेला.”

बुवा नातीकडं बघतच राहिले. नाना खुशीत आले तशी ती त्यांच्याकडं वळली. “आणि नाना, तुमचं ‘नुसतं रसायन’ पण तसंच. परवा तुम्ही बादलीवरून उठलात ते रुजणारच म्हणून. त्यापुढं काही बघायचं ठेवलंतच नाही.”

ठाणे आलं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत मॅडमनी टेबलाचा एक कोपरा मोकळा करून दिला. नातीनं भिजलेल्या दाण्याचं तूस काढलं आणि ब्लेडनं दाणा उभा चिरला. तांदळाच्या एका टोकाशी, बाजूला, कोंभ व्हायचा तो अंकुर असतो. भाताच्या दाण्यात तो इतका बारका की आपण जेवताना त्याची दखलही घेत नाही, पॉलिश करताना तर तो निघूनच जातो. बाकी सगळा दाणा म्हणजे त्याची शिदोरी. चिरलेले अर्धे दाणे तिनं तीन बशांत मांडले आणि वर पाण्यासारखं रंगहीन द्रावण ओतलं.

“टेट्राझोलियम,” नानांनी बाटलीवरचं वाचलं. “पण हा रंग कसला? याला तर रंगच नाही.”

“दाण्यानं द्यायचा आहे,” नात म्हणाली. “जर्मनीत लाकोन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं १९४० नंतर ही रीत बसवली. पेशी श्वसन करत असेल तर तिच्यातली विकरं हायड्रोजन काढून या द्रावणाला देतात. मिळाला की ते लाल होतं. पेशी मेली असेल तर पांढरीच राहते.”

बशा अंधाऱ्या, उबदार पेटीत गेल्या. दोघे म्हातारे व्हरांड्यात जाऊन खाडीकडं बघत बसले. दुपारी पेटी उघडली.

तळाच्या दाण्यांचे अंकुर गुंजेसारखे लालबुंद झाले होते. वरच्या दाण्यांचे बहुतेक पांढरेफटक. नातीनं बशी भिंगाखाली सरकवली.

बुवांनी डोळा लावला आणि त्यांचा आवाज बदलला. “श्वास! दाण्याचा श्वास दिसतोय. हाच प्राण.”

नानांनी डोळा लावला. “विकर. हायड्रोजनची देवाणघेवाण. हेच मी म्हणत होतो.”

एका लाल ठिपक्यात दोघांनाही आपापलं घर दिसलं होतं. नातीनं काही न बोलता मधली बशी पुढं केली. त्यातल्या एका दाण्याचा अंकुर अर्धा रंगला होता. मुळाकडची बाजू लाल, कोंभाकडची पांढरी. दुसऱ्यात कोंभ लाल, मूळ पांढरं. तिसऱ्यात नुसते डाग.

“बुवाआजोबा, याच्यातला प्राण कुठवर गेलाय?”

बुवा बराच वेळ भिंगातून बघत राहिले. जाणं म्हणजे एकदम जाणं, हे त्यांच्या मनात पक्कं होतं. हा दाणा कडेकडेनं चालला होता.

“आणि नाना, यंत्र बंद पडलं म्हणजे नेमकं काय झालं? आधी कोंभ का मेला, मूळ का नाही?”

नानांनी चष्मा काढून पुसला. त्यांच्याकडंही उत्तर नव्हतं. पण या खेपेला ते इतिहासात शिरले नाहीत. “वरच्या थरालाच फटका का बसला?” ते स्वतःशीच म्हणाले. “पत्र्याची उष्णता वरून येते, हे एक. धान्यातून उष्णता सावकाश उतरते, म्हणून तळ वाचला. पण नुसत्या कोरड्या उष्णतेनं दोन महिन्यांत इतकं व्हावं?”

“झाकण बसत नव्हतं,” बुवा अचानक म्हणाले. “पिंपाला पोचा होता. मी हात टेकला तेव्हा हललं. आपल्याकडची वैशाखातली हवा दमट, खाडी जवळ. वरचं भात हवेतली ओल पीत बसलं असणार. तिच्या जुन्या कणगीला ती तोंडापर्यंत शेण लिंपायची. हवाच आत जात नसे.”

“हॅरिंग्टनचा नियम आहे,” नात उत्साहानं म्हणाली. “बियाण्यातली ओल एक टक्क्यानं कमी झाली की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट. साठवणीचं तापमान ५ अंशांनी उतरलं की पुन्हा दुप्पट. आपल्या वरच्या थरात दोन्ही चढलं.”

नानांनी खिशातून कागद काढला आणि पत्र्याखाली किती अंश असतील याचा हिशेब मांडायला घेतला. बुवा त्यांना कणगीच्या भिंतीची जाडी सांगत होते. परतीच्या गाडीत दोघे एका कागदावर डोकी घालून बसले होते; चार्वाक आणि चरक दोघेही ठाण्यालाच राहिले.

दोन दिवसांनी आजीची तीन फडकी सुटली. तळाच्या शंभरातले एक्क्याण्णव रुजले होते, मधले चौसष्ट, वरचे एकोणीस. रंगानं दुपारी सांगितलं होतं तेच फडक्यानं सावकाश सांगितलं. वरचं भात कोंबड्यांच्या वाट्याला गेलं. तळाचं नेहमीसारखं पेरलं. मधल्याला वेगळा वाफा केला आणि बी दाट टाकलं. लावणीला रोपं पुरली. माहेर वाचलं.

उरलेल्या बियांसाठी मुलानं घट्ट झाकणाचा डबा आणला आणि तो माळ्यावर न ठेवता घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात, फळीवर ठेवला. बुवांनी झाकणाची कड शेणानं लिंपायचा आग्रह धरला; नानांनी आत ओल शोषणाऱ्या खड्यांची पुरचुंडी टाकली. पुढच्या वर्षी दोन्हींची फडक्यात परीक्षा घ्यायची, असं ठरलं.

रविवार पुन्हा आला. कालवण आणि बिरडं पुन्हा झालं. बुवांनी भाकरीचा पहिला तुकडा मोडला आणि म्हणाले, “तरीही नाना, अर्धा लाल दाणा तुझ्या यंत्रात बसत नाही.” नाना म्हणाले, “तुझ्या प्राणात तरी कुठं बसतो?” वाद पेटणार तेवढ्यात म्हातारी मधे बसली.

“भांडायचं त भांडा,” ती म्हणाली. “पन आजपासून या ओटीवर ज्यानं मत सांगायचं, त्यानं उद्या काय बगायचं त्ये पन सांगायचं. नाय सांगता आलं त भाकर खायची नि गप ऱ्हायचं.”

त्या संध्याकाळी बरीच शांतता होती. मग बुवांनी विचारलं, की अर्धा रंगलेला दाणा पेरला तर रोप येतं का, आलं तर कसं. नानांना ते माहीत नव्हतं. नातीलाही माहीत नव्हतं. चिरलेला दाणा पेरता येत नाही. मग न चिरता ओळखायचं कसं, यावर तिघं रात्री उशिरापर्यंत बोलत बसले, आणि म्हातारीनं त्यांना एकदाही अडवलं नाही.

जीव म्हणजे काय, याचं उत्तर त्या ओटीवर मिळालं नाही; ते बर्झेलियसला मिळालं नव्हतं, ड्रीशलाही नाही, आणि आजच्या जीवशास्त्रालाही एका वाक्यात देता येत नाही. पण या अडीच-तीनशे वर्षांत ज्यांच्यामुळं आपण पुढं सरकलो, त्यांत प्राण मानणारेही होते आणि यंत्र मानणारेही. थांबले ते ज्यांना आपल्या मतातच समाधान सापडलं.

तात्पर्य: मत चुकलं तरी फारसं बिघडत नाही; पण ज्या मताला उद्याचं काम सुचत नाही, ते बरोबर असलं तरी त्याच्यानं पोट भरत नाही.